फिक्स्ड रेटचं होम लोन चालू असताना घराची मालकी बदलायची आहे? फोरक्लोजर चार्ज कुठे लागतो आणि कुठे वाचतो

दोघा भावांनी मिळून घेतलेला फ्लॅट आता एकाच्याच नावावर करायचाय. लग्नानंतर बायकोचं नाव घरावर चढवायचंय. घटस्फोटात घर कोणाकडे राहणार ते ठरलंय, पण हप्ते अजून बारा वर्षं आहेत. मुलुंडमध्ये सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळताना अशी माणसं फाइल काखेत मारून येतातच, आणि आल्या आल्या म्हणतात, “ट्रान्सफरचा फॉर्म द्या ना.” सोसायटीचा फॉर्म हे यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम. कर्ज फिक्स्ड रेटचं असेल तर आधी बँकेची पायरी चढायची. क्रम चुकला की लाख-दीड लाखाचा फोरक्लोजर चार्ज बोकांडी बसतो, आणि बऱ्याचदा तो टाळता आला असता.

मालकी बदलली म्हणून हा चार्ज लागत नाही. जुनं कर्जखातं मुदतीआधी बंद झालं म्हणून लागतो. त्याच खात्यात एक नाव वाढलं किंवा कमी झालं, तर फेड झालेलीच नसते आणि टक्केवारी लावायला रक्कमच उरत नाही. बँकेने जुनं कर्ज बंद करून नव्या नावाने नवं कर्ज मंजूर केलं, की घरातल्या घरात झालेला बदलसुद्धा फोरक्लोजर ठरतो. म्हणून ‘चार्ज किती’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘लोन अकाउंट नंबर तोच राहणार का?’

पायरी १: कर्ज खरंच फिक्स्ड आहे का ते बघा

‘आमचं फिक्स्ड आहे’ असं सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं कर्ज पूर्ण मुदतीसाठी फिक्स्ड नसतं. पहिली दोन, तीन किंवा पाच वर्षं दर ठरलेला आणि पुढे फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे वरखाली होणारा, असं मिश्र कर्ज मुंबईत भरपूर विकलं गेलंय. सँक्शन लेटरमध्ये व्याजदराच्या रकान्याखाली बारीक अक्षरात ‘अमुक तारखेपर्यंत स्थिर, तदनंतर संदर्भदराशी संलग्न’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ती तारीख शोधा आणि पेन्सिलने गोल करा. तुमचा अर्धा निर्णय त्या तारखेवर आहे.

फ्लोटिंगचं चित्र साफ आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच बँकांना फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर फोरक्लोजर चार्ज लावायला बंदी केली. पुढे २०१४ मध्ये ही बंदी वैयक्तिक कर्जदारांच्या सगळ्या फ्लोटिंग मुदतकर्जांना लागू झाली. जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुदतपूर्व फेडीच्या शुल्काबद्दल एकत्रित निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर कुठलाही चार्ज नाही, पैसे कुठूनही आणा, अर्धं फेडा की पूर्ण, आणि अमुक महिने थांबा अशी अटही घालता येत नाही. मिश्र कर्जात फेडीच्या दिवशी दर कोणता चालू आहे ते पाहिलं जातं.

म्हणजे फिक्स्डचा काळ संपायला चार-सहा महिने उरले असतील आणि घरात कोणाला घाई नसेल, तर थांबा. पूर्ण मुदतीसाठी फिक्स्ड असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पायरी २: कर्ज देणारा कोण ते ओळखा

फिक्स्ड कर्जावर काय लावायचं हे बऱ्याच अंशी कर्ज देणाऱ्याच्या धोरणावर आणि तुमच्या करारावर सोडलेलं आहे. बँकांच्या करारांत साधारण २ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसतो, काही वित्तसंस्था त्याहून जास्त घेतात. नव्या निर्देशांमुळे दोन गोष्टी ग्राहकाच्या बाजूने झाल्या आहेत. मुदतकर्जात चार्ज लावायचाच तर तो फेडल्या जाणाऱ्या रकमेवर लावायचा, मूळ मंजूर रकमेवर नाही. आणि सँक्शन लेटर, करार आणि की फॅक्ट्स स्टेटमेंट यांत जो चार्ज लिहिलेला नाही, तो ऐनवेळी मागता येत नाही. की फॅक्ट्स स्टेटमेंट हे दोन-तीन पानी सारांशपत्रक १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांबरोबर देणं सक्तीचं आहे. तुमचं कर्ज त्यानंतरचं असेल तर आधी तेच काढा, पन्नास पानी करार नंतर.

हाउसिंग फायनान्स कंपनीकडून कर्ज असेल तर एक वेगळी वाट आहे. नॅशनल हाउसिंग बँकेने २०११ मध्ये या कंपन्यांसाठी नियम केला, की फिक्स्ड दराचं गृहकर्ज कर्जदाराने स्वतःच्या स्रोतांतून बंद केलं तर चार्ज घ्यायचा नाही. स्वतःचे स्रोत म्हणजे दुसऱ्या बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून काढलेलं कर्ज सोडून बाकी काहीही: पीएफ, मुदतठेव, गावची जमीन विकून आलेले पैसे, वडिलांनी दिलेली रक्कम. हेच कलम रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांतही आलं. तुमच्या करारात ते कसं लिहिलंय ते वाचा आणि अर्जात त्याचा उल्लेख करा. जुलै २०२३ मध्ये एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली, त्यामुळे करार हाउसिंग फायनान्स कंपनीशी आणि हप्ता बँकेला अशी मुंबईत असंख्य घरं आहेत. अशांनी जुन्या करारातलं कलमच पुढे चालू आहे का, हे लेखी विचारावं.

ऑफिसच्या पतसंस्थेकडून किंवा पतपेढीकडून कर्ज असेल तर हे रिझर्व्ह बँकेचे नियम तिथे चालत नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून पोटनियम आणि कर्जरोखा बघायचा.

पायरी ३: तीन वेगळ्या वह्यांत तीन वेगळी नावं असतात

गोंधळ सगळा इथे होतो. घराचा मालक कोण हे नोंदणीकृत दस्तावरून ठरतं, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडचा करार आणि त्याची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश-उतारा. कर्जदार कोण हे बँकेच्या करारावरून ठरतं. सभासद कोण हे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून. एका वहीत नाव बदललं म्हणून दुसरीत आपोआप बदलत नाही.

धाकट्या भावाने आपला हिस्सा थोरल्याला देऊन टाकला, दस्त नोंदवला, सोसायटीतही नाव कमी झालं, पण बँकेत तो अजून सहकर्जदारच आहे. थोरल्याचे हप्ते थकले तर बँक धाकट्याला फोन करणार, त्याचा सिबिल स्कोअर पडणार, आणि उद्या त्याला ठाण्यात स्वतःचं घर घ्यायचं तर जुन्या कर्जाचा हप्ता त्याच्या उत्पन्नातून वजा धरला जाणार. उलट प्रकारही असतो. बायको सहकर्जदार आहे, हप्ता तिच्या पगारातून जातो, पण दस्तावर नावच नाही. जुन्या करप्रणालीतली व्याजाची वजावट तिला मिळत नाही, कारण त्यासाठी मालकीही लागते.

शिवाय तुमचे मूळ कागद बँकेत गहाण आहेत. नुसते कागद ठेवून गहाण करण्याची ही रीत मुंबईला जुनी आहे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलमातच मुंबईचं नाव आहे. कर्ज चालू असताना बँकेच्या लेखी संमतीशिवाय हिस्सा विकायचा, बक्षीस द्यायचा किंवा सोडायचा नाही, अशी अट जवळपास प्रत्येक गृहकर्ज करारात असते. आधी दस्त करून मग बँकेत गेलात तर करारभंग तुमच्याकडून झालेला असतो आणि वाटाघाटीत तुमचा हात खाली जातो. म्हणून आधी बँकेची संमती, मग दस्त, मग सोसायटी.

पायरी ४: बँकेकडून लेखी उत्तर मिळवा

काउंटरवरचं संभाषण साधारण असं होतं:

“मॅडम, कर्ज बंद नाही करायचं. फक्त भावाचं नाव काढायचंय.”

“सर, सिस्टीममध्ये नाव काढायचा ऑप्शन नाही. फोरक्लोज करून नवीन लोन करावं लागेल.”

इथे बहुतेक लोक मान डोलावतात आणि घरी येतात. काउंटरवरच्या मुलीला खरंच तो ऑप्शन दिसत नसेल, ती खोटं बोलत नाही. पण सहकर्जदार बदलण्याचं काम शाखेच्या काउंटरवर होतच नाही, ते लोन प्रोसेसिंग सेंटरच्या क्रेडिट विभागात होतं, आणि त्यासाठी पुरवणी करार नावाचा कागद असतो. जुना करार कायम, त्याला जोडून नव्या नावांचा करार, खातं तेच, दर तोच, उरलेली मुदत तीच.

म्हणून तोंडी विचारू नका. शाखेत पत्र द्या, पोचेचा शिक्का घ्या आणि तेच पत्र ईमेलनेही पाठवा. मजकूर असा ठेवता येईल:

“आमच्या वरील गृहकर्ज खात्यातील सहमालक व सहकर्जदार यांचे नाव कमी करून कर्ज उर्वरित कर्जदाराच्या नावे चालू ठेवण्याची विनंती आहे. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. कर्ज खाते क्रमांक, व्याजदर व मुदत कायम ठेवून पुरवणी कराराद्वारे हा बदल करता येईल का. येत नसल्यास कराराच्या कोणत्या कलमानुसार येत नाही. खाते बंद करावे लागल्यास आकारले जाणारे शुल्क, त्याचा आधार असलेले कलम आणि जीएसटीसह एकूण रक्कम किती. हक्क हस्तांतरणाच्या दस्तासाठी बँकेची संमती कोणत्या अटींवर मिळेल.”

‘कोणत्या कलमानुसार’ हे शब्द गाळू नका. त्यांच्यामुळे पत्र काउंटरवरून वर सरकतं.

बँक नाव कमी करायला का कां-कू करते हेही समजून घ्या, म्हणजे तयारी करून जाता येईल. दोन पगारांवर दिलेलं कर्ज आता एका पगारावर राहणार, हा तिचा धोका. त्यामुळे उरलेल्या माणसाची कर्जपात्रता ती नव्याने तपासते: पगार, इतर हप्ते, वय, निवृत्तीला किती वर्षं, सिबिल. यात बसत असाल तर तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट पत्राबरोबरच जोडा. बसत नसाल तर दोन उपाय आहेत. जाणाऱ्याच्या जागी दुसरा सहकर्जदार आणायचा, बहुधा नवरा किंवा बायको. नाहीतर थोडी रक्कम आधी भरून कर्ज एका पगाराला झेपेल इतकं खाली आणायचं. या दोन्हींत खातं जिवंत राहतं.

नाव वाढवायचं असेल तर बँकेची हरकत सहसा नसते, कारण तिची वसुलीची बाजू भक्कमच होते. प्रोसेसिंगचं थोडं शुल्क आणि पुरवणी करारावरचा मुद्रांक एवढ्यावर भागतं.

पायरी ५: खातं बंदच करावं लागणार असेल तर हिशोब मांडा

समजा ६२ लाख रुपये मुद्दल बाकी आहे आणि करारात २ टक्के चार्ज आहे. चार्ज झाला १,२४,०००. बँका त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे २२,३२०. एकूण १,४६,३२०. लोक हाच आकडा धरून बसतात, पण नव्या कर्जाची प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकनाचा खर्च, गहाणाच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सब-रजिस्ट्रारकडे द्यायची सूचना) नोंदवण्याचा खर्च हे सगळं परत एकदा येतं. त्याची यादी त्याच कागदावर खाली लिहा.

दुसऱ्या बाजूला व्याजाचा फरक. जुना फिक्स्ड दर नव्या दरापेक्षा एका टक्क्याने जास्त असेल, तर ६२ लाखांवर पहिल्या वर्षी साधारण ६२ हजार वाचतात, पुढे मुद्दल घटेल तशी बचतही घटते. मग चार्ज आणि बाकीचा खर्च मिळून अडीच-तीन वर्षांत वसूल होतो. पंधरा वर्षं उरली असतील तर एवढा चार्ज भरूनही बाहेर पडणं शहाणपणाचं. चार वर्षं उरली असतील तर नाही. आणि जुना दर आजच्यापेक्षा स्वस्त असेल, तर ते खातं जिवंत ठेवण्यासाठी जंग जंग पछाडा. असा दर परत मिळत नाही.

पायरी ६: चार्ज कमी करायच्या वाटा

सगळ्यात उपयोगी वाट म्हणजे आधी फिक्स्डचं फ्लोटिंग करून घेणं. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी रूपांतर शुल्क असतं, आणि ते फोरक्लोजरपेक्षा खूप कमी असू शकतं. वरच्याच उदाहरणात ते ०.५ टक्के धरलं तर ३१,००० आणि जीएसटी ५,५८०, मिळून ३६,५८०. थेट बंद करण्यापेक्षा १,०९,७४० रुपये वाचले. कर्ज फ्लोटिंगवर आलं, खात्याच्या स्टेटमेंटमध्ये नवा दर दिसला, की मग बंद करायला जायचं. मात्र रूपांतराच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्यातल्या अटी पूर्ण वाचा. ‘रूपांतरानंतर अमुक महिन्यांत बंद केल्यास फिक्स्डचा चार्ज लागू’ असं वाक्य असेल तर तिथेच बोट ठेवून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा हवाला द्या.

दुसरी वाट टप्प्याटप्प्याने फेडीची. काही करारांत दर वर्षी मुद्दलाच्या ठरावीक भागापर्यंत, बऱ्याचदा २५ टक्क्यांपर्यंत, चार्जशिवाय भरता येतं. मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा भरलं, तर दोन आर्थिक वर्षांची सवलत एका महिन्याच्या अंतराने वापरता येते आणि चार्जची टक्केवारी उरलेल्या छोट्या रकमेवर येते. इथेही एक मेख आहे: ‘बंद करण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत भरलेल्या रकमाही हिशोबात धरल्या जातील’ असं काही करारांत लिहिलेलं असतं. ते नाही ना, एवढं बघून घ्या.

तिसरी वाट, माफी मागणं. म्हणजे चार्जची माफी. नवं कर्ज त्याच बँकेत राहणार असेल तर बँकेचा ग्राहक कुठे जातच नाही, फक्त खात्याचा नंबर बदलतो. हे शाखा व्यवस्थापकाला शांतपणे सांगा, आणि दुसऱ्या बँकेची ऑफर हातात ठेवून सांगा. नाव बदलासाठी खातं बंद करण्याचा आग्रह बँकेचाच असेल तर तेही नोंदवा, कारण २०२५ च्या निर्देशांनुसार बँकेच्याच सांगण्यावरून झालेल्या मुदतपूर्व फेडीवर चार्ज लावता येत नाही. बँक म्हणेल की विनंती तुमची होती. म्हणूनच चौथ्या पायरीतल्या पत्रात ‘कर्ज चालू ठेवण्याची विनंती’ असे शब्द आहेत. माफी मिळाली तर ती लेखीच घ्या, एकदा माफ केलेला चार्ज मागाहून वसूल करता येत नाही.

पायरी ७: दस्त कोणता करायचा

फोरक्लोजर चार्जवरून आठवडाभर डोकं पिकवणारी माणसं मुद्रांक शुल्काकडे कानाडोळा करतात. मुंबईतल्या किमती बघता हा आकडा चार्जच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना राहतं घर बक्षीस द्यायचं असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो सब-रजिस्ट्रार कार्यालयात विचारून घ्या. त्यामुळे नवरा-बायकोत हिस्सा इकडचा तिकडे करायला बक्षीसपत्रासारखा स्वस्त दस्त नाही. पण बक्षीस हे मोबदल्याविनाच असतं. ‘याबदल्यात घेणाऱ्याने कर्ज फेडावं’ असं दस्तात लिहिलं, की त्याच्या बक्षीसपणावरच प्रश्न येतो. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

भावंडांत मात्र ही सवलत नाही. भावाला किंवा बहिणीला बक्षीस दिलं तर बाजारमूल्याच्या ३ टक्के. आणि ‘आम्ही साध्या स्टॅम्पवर हक्कसोडपत्र करतो’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. नाममात्र शुल्काचं हक्कसोडपत्र वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सोडला तर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर विक्रीइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. फ्लॅटचं रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे मूल्य १ कोटी ४० लाख असेल तर अर्धा हिस्सा ७० लाखांचा. त्यावर बक्षिसाचे ३ टक्के म्हणजे २ लाख १० हजार, विक्रीचे ५ टक्के म्हणजे साडेतीन लाख, आणि मुंबईत विक्रीवर १ टक्का मेट्रो अधिभारही असतो. थोरला भाऊ धाकट्याला पैसे मोजणार असेल तर ते बक्षीस नव्हेच, तिथे विक्रीचाच दस्त करावा. मग धाकट्याच्या भांडवली नफ्याचा हिशोबही आला. ताबा घेतल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर हस्तांतरित झालं तर मुद्दलाच्या फेडीवर आधी घेतलेली करवजावट परत उत्पन्नात धरली जाऊ शकते. सीएला ही तारीख नक्की दाखवा.

म्हाडाचं घर, कलेक्टरच्या जमिनीवरची इमारत किंवा एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) सदनिका असेल तर संबंधित प्राधिकरणाची परवानगी आधी लागते. बँकेची संमती तिची जागा घेऊ शकत नाही.

घटस्फोट आणि त्रयस्थाला विक्री

वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीने घटस्फोट होताना ‘फ्लॅट पत्नीकडे, हप्ते पतीने भरावे’ असं लिहून दोघंही सुटल्याचा श्वास सोडतात. त्या संमतीपत्रात बँक पक्षकार नाही. पतीने हप्ता चुकवला तर बँक करारावर सही केलेल्या दोघांकडेही मागणी करणार. म्हणून संमतीच्या अटी लिहितानाच तीन गोष्टी घालून घ्या: कर्जातून नाव कमी करण्याचा अर्ज कोण आणि किती दिवसांत करेल, खातं बंद करावं लागलं तर फोरक्लोजर चार्ज आणि नव्या कर्जाचा खर्च कोण उचलेल, आणि बँकेच्या कागदांवर सही करायला दोघं हजर राहतील. घटस्फोट झाल्यावर माजी जोडीदाराची सही मिळवणं किती जड जातं हे वकील सांगतीलच.

बाहेरच्या माणसाला विकताना खातं बंद होणारच. खरेदीदाराने कर्ज काढलं असेल तर त्याची बँक तुमच्या बँकेच्या नावाने चेक देते. तुमच्या बँकेच्या माणसाला चेकवर दुसऱ्या बँकेचं नाव दिसतं आणि तो ‘बॅलन्स ट्रान्सफर’, म्हणजे तुम्ही कर्ज दुसऱ्या बँकेत नेताय असं समजून चार्ज लावून मोकळा होतो. स्वतःच्या स्रोतांची सवलत तुमच्या करारात असेल तर इथे भांडायला जागा आहे. ते कर्ज खरेदीदाराचं आहे, तुमच्या दृष्टीने ही विक्रीची किंमत आहे. नोंदणीकृत विक्री कराराची प्रत आणि याच आशयाचं पत्र चेक जायच्या आधी द्या, नंतर नाही. आणि विक्रीची बोलणी करताना हा चार्ज तुमच्या बाजूचा खर्च म्हणून आधीच धरा. टोकन घेतल्यावर खरेदीदाराला ‘एवढे वाढवून द्या’ म्हणता येत नाही.

पायरी ८: सोसायटी

बँकेची संमती आणि नोंदणीकृत दस्त हातात असेल तर हे काम सरळ आहे. सोसायटीच्या नोंदवहीत बँकेचा बोजा असतो, म्हणून बँकेच्या पत्राची प्रत आम्हाला लागतेच. हस्तांतर प्रीमियमची महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि कुटुंबातल्या कुटुंबात हस्तांतर असेल तर प्रीमियम घेता येत नाही. कोणी ‘बिल्डिंग फंड’ म्हणून जास्त मागत असेल तर पावती कशाची देणार ते विचारा.

पायरी ९: खातं बंद करण्याचा दिवस आणि नंतरचे तीस दिवस

फोरक्लोजर स्टेटमेंट मागवलं की त्यावर एक तारीख असते आणि त्यापुढे रोजचं व्याज किती ते लिहिलेलं असतं. चेक वटायला लागणारे दिवस धरूनच रक्कम काढा. स्टेटमेंटमध्ये चार्जची ओळ वेगळी दिसते का, टक्केवारी करारातलीच आहे का, ती आजच्या बाकीवर लावली आहे की मूळ मंजूर रकमेवर, एवढं कॅल्क्युलेटर घेऊन तपासा. हप्त्याची तारीख जवळ असेल तर तो हप्ता कापला जाऊ द्या आणि मग बंद करा, नाहीतर बंद झालेल्या खात्यात हप्ता जातो आणि परताव्यासाठी खेपा घालाव्या लागतात.

आक्षेप असेल आणि दस्ताची तारीख जवळ आली असेल तर चार्ज ‘हरकत राखून’ भरा, तसं पत्र द्या आणि पुढे तक्रार करा. आधी कर्ज देणाऱ्याच्या तक्रार कक्षाकडे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर बँकेसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर, आणि हाउसिंग फायनान्स कंपनीसाठी नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर. दोन्हीकडे वकील लागत नाही. चौथ्या पायरीतलं पोचेचा शिक्का असलेलं पत्र आणि बँकेचं उत्तर हेच तिथे कामाला येतं.

पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत देणं आणि नोंदणीतला बोजा काढणं बँकेवर बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेताना कर्ज घेतानाची कागदपत्रांची यादी सोबत न्या आणि एकेक पान जुळवा: मूळ करार, आधीच्या मालकांचे साखळी करार, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट. जुन्या इमारतींच्या फाइलींतून नेमकी पहिल्या बिल्डर कराराची मूळ पावती गहाळ झालेली असते. ती नसल्याचं काउंटरवरच लिहून घ्या आणि त्यावर सही-शिक्का घेऊनच बाहेर पडा.